केळं काळं का पडतं?

एकादशी होती. आण्णांचा उपास. आईनं स्टीलच्या ताटलीत दोन केळ्यांच्या चकत्या करून त्यांच्यापुढं ठेवल्या आणि ती गोठ्याकडं गेली. सकाळची गोळी घेऊन आण्णांना अर्धा तास झाला होता, पण गोळी अजून लागली नव्हती. 'गोळी लागणं' हा आमच्या घरातला आता रोजचा शब्द. गोळी लागली की आण्णांचे हात सैल होतात, पावलं उचलतात, भजनात टाळ धरता येतो. ती लागेपर्यंत ते खुर्चीत बसून राहतात, उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत, जपमाळ ओढल्यासारखे. त्या दिवशी वेळ फारच लांबला. हात ताटलीपर्यंत गेलाच नाही, आणि गोळी लागली तोवर चकत्या तपकिरी होऊन गेल्या होत्या.

माझी भाची नगरला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. त्या दिवशी ती आमच्याबरोबर नेवासा तालुक्यातल्या आमच्या गावी आली होती. ताटली उचलायला वाकली, थबकली आणि म्हणाली, "मामा, आजोबांच्या डोक्यात जे कमी पडतंय ना, तेच या ताटलीत काळं पडलंय."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. तिला पुन्हा सांगायला लावलं. तेव्हापासून आज सहा आठवडे झाले, मला दुसरं काही सुचत नाही. दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि मी त्याला केळ्याबद्दल सांगत असतो.

आधी तिनं जे सांगितलं ते सांगतो. केळ्यात डोपामिन असतं. सालीत जास्त, गरात कमी, पण असतं. पेशीच्या एका कप्प्यात डोपामिन आणि दुसऱ्या कप्प्यात एक एन्झाइम. सुरी लागली की मधल्या भिंती फुटतात, दोघांची गाठ पडते, वरून हवा मिळते. एन्झाइम डोपामिनच्या रेणूतले दोन इलेक्ट्रॉन काढून ऑक्सिजनला देतं. डोपामिनचं क्विनोन होतं, क्विनोनचे रेणू एकमेकांना चिकटत जातात आणि तपकिरी-काळा रंग धरतो. आपल्या केसांना काळा रंग देणाऱ्या मेलॅनिनचाच हा भाऊबंद.

मग ती दुसरं बोलली, आणि मी खाली बसलो. आपल्या मेंदूत खोलवर, मधोमध, दोन्ही बाजूंना एकेक काळा पट्टा असतो. डॉक्टर त्याला सबस्टॅन्शिया नायग्रा म्हणतात, म्हणजे लॅटिनमध्ये सरळ 'काळा पदार्थ'. तिथल्या पेशी डोपामिन तयार करतात आणि डोपामिनचंच ऑक्सिडेशन होत होत वर्षानुवर्षं त्यांच्यात काळा रंग साठतो. आण्णांना झालेल्या कंपवातात याच पेशी मरत जातात आणि तो काळा पट्टा फिका पडतो. हात थरथरायला लागेपर्यंत त्यातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. ताटलीतलं केळं काळं पडत होतं आणि खुर्चीत बसलेल्या माझ्या बापाच्या मेंदूतला काळेपणा ओसरत होता, दोन्हीच्या मुळाशी एकच रसायन. मी आण्णांकडं बघितलं. ते टाळ पुसत होते.

केळी खाऊन कंपवात बरा होईल का, हा माझा पहिला प्रश्न. नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक गाळणी असते, तिच्यातून डोपामिन आत जात नाही. लेव्होडोपा जातं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं, म्हणून गोळी लेव्होडोपाची. हेही त्याच दिवशी कळलं की अकोल्याच्या रानात ज्या खाजकुहिलीच्या शेंगेला हात लावायला पोरं घाबरतात, तिच्या बियांमध्ये लेव्होडोपा असतं, आणि दामोदरन व रामस्वामी यांनी ते १९३७ साली मद्रासला वेगळं करून दाखवलं होतं. (कुणी हे वाचून बिया कुटून घरच्या म्हाताऱ्याला देऊ नयेत. त्यात लेव्होडोपा किती आहे हे मापल्याशिवाय ते औषध होत नाही, आणि माझा सगळा लेख मापण्याबद्दलच आहे.)

दुसऱ्या दिवशी रात्री नगरला घरी मी तीन चकत्या कापल्या. एक तशीच ठेवली. दुसरीवर श्रीगोंद्याच्या लिंबाचा रस चोळला. तिसरी उकळत्या पाण्यात दोन मिनिटं धरून काढली. समोर मोबाइल उभा केला आणि दर पाच मिनिटांनी फोटो काढत बसलो. पहिली काळी पडली. उकळत्या पाण्यातून काढलेली फिकीच राहिली, कारण उष्णतेनं एन्झाइम मेलं. लिंबाचीही पांढरी राहिली. आंबटपणामुळं एन्झाइम मंदावतं हे एक. पण त्याहून भारी कारण क जीवनसत्त्व. एन्झाइमनं डोपामिनचे दोन इलेक्ट्रॉन काढले की क जीवनसत्त्व स्वतःचे दोन इलेक्ट्रॉन देऊन त्या क्विनोनचं पुन्हा डोपामिन करून ठेवतं. ही लिंबाची गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढं मेंदूत भेटणार आहे.

आता मी कोण ते सांगायला हवं, कारण इथून पुढं माझं शास्त्र सुरू होतं. तीस वर्षं मी नगरच्या माळीवाड्यात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवतो. आता टीव्ही कमी, इन्व्हर्टर आणि मोटारींचे स्टार्टर जास्त. इलेक्ट्रॉन म्हणजे करंट आणि करंट म्हणजे माझा धंदा. भाची 'दोन इलेक्ट्रॉन' म्हणाली तेव्हाच माझ्या डोक्यात मल्टीमीटरचा काटा हलला. एन्झाइमऐवजी ते दोन इलेक्ट्रॉन मी तारेनं ओढून घेतले तर? तारेत करंट येईल. जितकं डोपामिन तितका करंट. म्हणजे डोपामिन मोजता येईल!

तिला हे सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली, "मामा, चला लॅबला."

शनिवारी दुपारी तिच्या सरांची परवानगी घेऊन मी गेलो. टेबलावर एक छोटा काचेचा बीकर, त्यात मीठपाण्यासारखं दिसणारं बफर, आणि वर तीन गोष्टी लोंबकळत होत्या. प्लॅटिनमची तार. क्लोराइडचा थर चढवलेली चांदीची तार. आणि तिसरी, जिच्यावर डोपामिन ओळखायचं होतं, ती क्लच पेन्सिलमधली शिस! दुकानात मिळणारी, बारीक, शाळेची. ग्राफाइट म्हणजे कार्बनच, आणि या कामाला कार्बनसारखं दुसरं काही नाही. तिच्यावर क्रोकोडाइल क्लिप लावली होती. मी रोज वापरतो तसलीच.

आधी नुसतं बफर. स्क्रीनवर रेघ सपाट, थोडी फुगीर. मग तिनं मायक्रोपिपेटनं डोपामिनच्या द्रावणाचा एक थेंब सोडला, हलवलं, थांबली आणि बटण दाबलं. शिसेवरचा व्होल्टेज हळूहळू चढत गेला. रेघ सपाट चालली होती. आणि ०.२ व्होल्टच्या आसपास ती उठली. उठली ती उठलीच, टेकडीसारखी, माथ्यावर गेली, वळली, उतरली. व्होल्टेज परत फिरला तशी खालच्या बाजूला तेवढीच दरी झाली. वर जाताना डोपामिननं इलेक्ट्रॉन दिले, परत येताना क्विनोननं ते परत घेतले. बीकरातलं द्रावण नितळ पाण्यासारखं, डोळ्याला काही दिसत नव्हतं आणि माझ्यासमोर डोपामिन स्वतःची सही करत होतं. तिनं आणखी एक थेंब सोडला. टेकडी वाढली. आणखी एक. आणखी वाढली. मला ओरडावंसं वाटलं. मी ओरडलोही बहुतेक, कारण शेजारच्या टेबलावरच्या दोन मुली वळून बघायला लागल्या.

ज्या यंत्रानं हे झालं त्याला पोटेन्शिओस्टॅट म्हणतात. मी त्याचं झाकण उघडायला लावलं नाही, पण सर्किटचा नकाशा मागितला, आणि त्यात काय होतं? ऑप-अँप! माझ्या कपाटातल्या डब्यात आहेत तेच. एक ऑप-अँप चांदीच्या तारेकडं बघत राहतो आणि शिसेचा व्होल्टेज ठरवला तिथंच राहावा म्हणून प्लॅटिनमच्या तारेतून लागेल तेवढा करंट सोडतो. फ्रिजला आपण स्टॅबिलायझर लावतो, त्याच जातीचं काम. दुसरा ऑप-अँप शिसेतून येणारा करंट पकडून त्याचं व्होल्टेज करतो, म्हणजे मोजायला सोपं. २०११ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 'चीपस्टॅट' नावानं असा एक स्वस्त पोटेन्शिओस्टॅट करून त्याचा नकाशा सगळ्यांसाठी खुला ठेवला आहे, कुणीही करून घ्यावा म्हणून. मी त्याची प्रिंट काढून आणली. रात्री दोनपर्यंत वाचत बसलो होतो.

केळ्याचं कौतुक मला एकट्याला नाही, हे त्यानंतर कळलं. लेलंड क्लार्क नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड केला होता. १९६२ साली त्यानं आणि लायन्सनं त्यावर ग्लुकोजचं एन्झाइम बसवून रक्तातली साखर मोजायची वाट दाखवली. आज गावोगावी बोटाला टोचून पट्टीवर रक्ताचा थेंब घेतात ना, तिचा पूर्वज तो. १९८५ साली सिडवेल आणि रेक्निट्झ या दोघांनी काय करावं? क्लार्कच्या इलेक्ट्रोडवर केळ्याची चकती बसवली. डोपामिन आलं की केळ्याचं एन्झाइम ऑक्सिजन खातं, ऑक्सिजन कमी झाला की करंट कमी होतो, त्यावरून डोपामिन किती ते कळतं. नाव ठेवलं 'बनानाट्रोड'. १९८८ मध्ये जोसेफ वांग यांनी लिनबरोबर केळं सरळ कार्बनच्या लगद्यात कालवलं आणि त्याचाच इलेक्ट्रोड केला. एन्झाइम वेगळं काढायची, शुद्ध करायची खटपटच नाही. केळं त्याचं एन्झाइम घेऊनच येतं.

मेंदूत मात्र गोष्ट इतकी सोपी नाही. तिथं लिंबू आडवं येतं.

कॅन्सस विद्यापीठाचे राल्फ ॲडम्स यांनी १९७३ साली उंदराच्या जिवंत मेंदूत कार्बनच्या लगद्याचा इलेक्ट्रोड घातला. सिग्नल आला! पण पुढं कळलं की तो सिग्नल मुख्यतः क जीवनसत्त्वाचा होता. मेंदूत क जीवनसत्त्व भरपूर असतं, डोपामिनच्या शेकडो-हजारो पट, आणि तेही जवळजवळ त्याच व्होल्टेजला इलेक्ट्रॉन देतं. शिवाय डोपामिननं दिलेले इलेक्ट्रॉन परत भरून देतं, म्हणजे तेच डोपामिन पुन्हा पुन्हा मोजलं जातं. माझ्या ताटलीतली दुसरी चकती पांढरी राहिली ती ज्याच्यामुळं, त्यानंच ॲडम्सना चकवलं. यावरचा एक उपाय इतका साधा आहे की ऐकून मला आनंद झाला. शरीरात क जीवनसत्त्वावर ऋण भार असतो आणि डोपामिनवर धन. इलेक्ट्रोडला नॅफिऑन नावाच्या ऋण भाराच्या प्लॅस्टिकचा पातळ थर दिला की ऋण बाहेर ढकललं जातं आणि धन आत येतं. दारावरच्या माणसानं ओळखीचे तेवढे आत सोडावेत तसं.

दुसरा उपाय वेगाचा. सात मायक्रॉन जाडीचा कार्बनचा तंतू, म्हणजे केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाचा. त्यावर व्होल्टेज उणे ०.४ पासून अधिक १.३ व्होल्टपर्यंत न्यायचा आणि परत आणायचा, सेकंदाला ४०० व्होल्टच्या वेगानं. अख्खी फेरी ८.५ मिलिसेकंदांत पुरी, आणि अशा फेऱ्या सेकंदाला दहा. इतक्या वेगानं प्रत्येक रसायनाची टेकडी वेगळ्या आकाराची उठते, म्हणून कोण आलं ते ओळखता येतं. यात मूळचा करंटच इतका मोठा असतो की डोपामिन त्यात बुडून जातं, म्हणून आधीची फेरी नंतरच्या फेरीतून वजा करायची. मार्क वाइटमन यांच्या उत्तर कॅरोलायनातल्या प्रयोगशाळेनं हे तंत्र घडवलं. त्यांचाच एक प्रयोग वाचून मी दुकानाचं शटर अर्धं ओढून एकटा बसलो. १९९० च्या सुमारास त्यांनी गाईच्या अधिवृक्क ग्रंथीच्या एकट्या पेशीला कार्बनचा तंतू टेकवला आणि करंट मोजत बसले. पेशीच्या आत डोपामिनच्या जातीच्या रसायनांच्या बारीक पुड्या असतात. पुडी फुटली की करंटमध्ये एक टोक उठलं. दुसरी फुटली, दुसरं टोक. एक एक पुडी मोजली त्यांनी! रेडिओच्या बारीक खरखरीत कान लावून स्टेशन शोधणाऱ्या माणसाला विचारा याचा अर्थ काय होतो.

आणि हे उंदरांवर किंवा सुट्या पेशींवर थांबलं नाही. कंपवाताच्या काही रुग्णांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया करतात, त्यात रुग्ण बऱ्याचदा जागा असतो. अमेरिकेत केनेथ किशिदा, रीड माँटेग्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच एका शस्त्रक्रियेच्या वेळी कार्बनचा तंतू सोबत नेला आणि जाग्या माणसाच्या मेंदूतल्या डोपामिनची चढउतार सेकंदाहूनही बारीक भागांत टिपली. तो माणूस त्या वेळी स्क्रीनवर पैसे लावण्याचा एक खेळ खेळत होता. हे २०११ साली छापून आलं. २०१६ मध्ये १७ रुग्णांचं आलं.

मेंदूतली सगळीच रसायनं डोपामिनसारखी सरळ नाहीत हेही सांगायला हवं. ॲसिटिलकोलिन आपणहून इलेक्ट्रॉन देत नाही. त्याला दोन एन्झाइमांच्या हातून न्यावं लागतं. पहिलं त्याचे तुकडे करतं, दुसरं एका तुकड्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं, आणि मग प्लॅटिनम ते मोजतं. यातलं पहिलं एन्झाइम आपल्या सगळ्यांच्या नसांत असतं आणि फवारणीतल्या काही विषारी औषधांनी बंद पडतं ते हेच. म्हणून हाच सेन्सर उलटा वापरून भाजीवरचं औषध ओळखता येतं, कारण औषध असलं की करंट पडतो. आमच्या जिल्ह्यात कांद्यावर, डाळिंबावर किती फवारणी होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. यावर खरं तर वेगळंच लिहायला हवं.

पण मला आण्णांकडं परत यायचंय. वाटेत एक मराठी मुलखातली गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेवरचा आपला अनुभव छापला की रक्तदाबावर ही मुळी चालते. जगाचं लक्ष सर्पगंधेकडं गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं. हेच रेसरपिन स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना दिलं तर ससे गळून पडले, हालेनात. लेव्होडोपाचं इंजेक्शन दिलं आणि ते उठून बसले. साल १९५७. डोपामिन मेंदूचा स्वतंत्र निरोप्या आहे हे कळण्याची सुरुवात इथून झाली, २००० साली कार्लसनना नोबेल मिळालं आणि आण्णांची गोळी या वाटेनं आली. आपल्या रानातली एक मुळी त्या वाटेवर उभी आहे.

त्या गोळीचा त्रास असा की ती कधी लागेल ते सांगता येत नाही. जेवणात डाळ, दूध, अंडी असलं तर आतड्यात प्रथिनं आणि लेव्होडोपा एकाच दारानं आत जायला धडपडतात. कधी पोटातच वेळ जातो. आई कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलीनं लिहून ठेवते: 'गो. ७, लागली ८.१०'. असे कित्येक महिने भरलेत. डॉक्टरांकडं जाताना मी तेच फाडून नेतो.

आणि आता ऐका. ज्या जोसेफ वांगनी १९८८ मध्ये कार्बनच्या लगद्यात केळं कालवलं, त्यांच्याच कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या प्रयोगशाळेनं २०१९ साली कातडीत जेमतेम घुसणाऱ्या पोकळ सुया केल्या, त्यात कार्बनचा लगदा भरला आणि लेव्होडोपा सलग मोजून दाखवलं. एका सुईत नुसता लगदा, दुसऱ्या सुईत टायरोसिनेज नावाचं एन्झाइम. टायरोसिनेज म्हणजे केळं काळं करणाऱ्या त्या एन्झाइमाचं सख्खं भावंड! २०२१ मध्ये त्यांनीच गोळी घेतल्यावर बोटाच्या घामातलं लेव्होडोपा मोजलं. मेंदूत शिरायला नको, शस्त्रक्रिया नको, बोट टेकवायचं. हे आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात अजून मिळत नाही. पण आई जे चौकटीत पेन्सिलीनं लिहिते, ते एक रेघ लिहू शकते.

मी माझा पोटेन्शिओस्टॅट जोडायला घेतला. पहिल्याच रात्री सगळी रेघ दाट कंगव्यासारखी आली. ट्यूबलाइटचा ५० हर्ट्झचा हम. इतका बारीक करंट पकडायचा म्हटल्यावर खोलीतली प्रत्येक तार त्यात बोलते. मग पंधरा किलो गोडेतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणला, एक बाजू कापली, आतून घासून स्वच्छ केला, डब्याला अर्थिंगची तार सोल्डर केली, बीकर आत ठेवला. हम गेला. रेघ तळ्यासारखी शांत. भाचीनं कॉलेजात माझी पेटी तिच्या बीकरला लावून बघितली आणि फोनवर एवढंच म्हणाली, "मामा, टेकडी आली!"

रविवारी तिची प्रिंट घेऊन नेवाशाला गेलो. आण्णांची गोळी लागलेली होती. त्यांना टेकडी दाखवली, सगळं सांगितलं, केळ्यापासून. त्यांनी कागद मांडीवर ठेवला, टेकडीच्या चढावरून बोट फिरवत माथ्यापर्यंत नेलं आणि विचारलं, "मग माझी गोळी लागली का नाही ते आता मला नाही विचारायचं, ह्याला विचारायचं?"

मी म्हणालो, "एक दिवस, आण्णा."

"दोघांना विचारत जा," ते म्हणाले. आणि आईला हाक मारून केळं मागितलं. चिरून नको म्हणाले, अख्खंच द्या.